शेवटच्या उपकेंद्रापर्यंत



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. माझी सारी नोकरी वीज वितरणात गेली. निर्मिती केंद्रांची उद्घाटने होतात, पारेषणाच्या मनोऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. वितरणाची आठवण मात्र लोकांना वीज गेल्यावरच होते. त्या वितरणातल्या माणसाला तुम्ही आज या जागी बसवले आहे, म्हणून तिथून जे दिसते तेच मी बोलणार आहे.

यंदाचा विषय आहे विकसनशील देशांतील नवीकरणीय ऊर्जेची आव्हाने आणि संधी. त्यावर माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. उन्हातून आणि वाऱ्यातून स्वस्त वीज तयार करण्याचा प्रश्न आता बराचसा सुटला आहे. ती वीज गरजेच्या वेळी गरजेच्या माणसापर्यंत नेणे, आणि ज्याच्या जमिनीवर ती तयार होते त्याला तिच्यात वाटा देणे, हे काम मात्र अजून बरेच बाकी आहे. या स्थित्यंतराचे यशापयश 33/11 केव्हीच्या ग्रामीण उपकेंद्रात ठरणार आहे, अशी माझी खात्री आहे.

आधी जमेची बाजू पाहू. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या निविदांत सौर विजेचा दर युनिटला 12 रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातमधील एका निविदेत तो 1 रुपया 99 पैशांवर आला. एका दशकात इतकी घसरण आपल्या क्षेत्रात पूर्वी कोणी पाहिली नव्हती. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. जून 2025 मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. पॅरिस करारांतर्गत भारताने हा टप्पा 2030 साठी ठरवला होता, तो पाच वर्षे आधी गाठला गेला. याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण याच देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशातून येते. क्षमता निम्मी आणि वीज पाव, असे का होते ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाएवढीच वीज देतो. सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर आणि टीव्ही सुरू होतात, तेव्हा तो प्रकल्प शून्यावर असतो. त्यामुळे किती मेगावॅट बसवले याच्या जोडीला किती युनिटे कामाच्या वेळी पोहोचली, याचाही हिशेब आपण मांडायला हवा.

विकसनशील देशांपुढची पहिली अडचण पैशाची आहे, आणि त्याहून जास्त व्याजाची. औष्णिक केंद्राचा बराचसा खर्च वर्षानुवर्षे कोळशावर होतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, म्हणजे कर्ज काढावे लागते. साधे गणित मांडू. एक मेगावॅटला 4 कोटी रुपये लागले, कर्ज वीस वर्षांत फेडायचे आहे आणि वर्षाला 16 लाख युनिटे मिळतात असे धरा. व्याज 5 टक्के असेल तर वार्षिक हप्ता सुमारे 32 लाखांचा, म्हणजे युनिटमागे 2 रुपये. व्याज 12 टक्के झाले की तोच हप्ता 53 लाखांच्या पुढे जातो आणि युनिटमागे 3 रुपये 35 पैसे पडतात. पॅनेल तेच, ऊन तेच, तरी वीज दीडपटीहून महाग. जगातल्या उत्तम सौर संपत्तीपैकी सुमारे साठ टक्के आफ्रिका खंडात आहे, पण जगातल्या सौर क्षमतेतला त्या खंडाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या घरात अडकला आहे. तिथल्या सुमारे साठ कोटी लोकांच्या घरात अजून वीज नाही. त्यांच्याकडे ऊन भरपूर आहे. परवडणाऱ्या व्याजाचा पैसा तिथवर पोहोचलेला नाही. श्रीमंत देशांनी हवामान निधीची भाषा करताना हे व्याज कमी करण्याची हमी घेतली, तर ती सर्वांत मोठी मदत ठरेल.

दुसरी अडचण तारेची. केनियात तुर्काना सरोवराजवळ 310 मेगावॅटचा पवन प्रकल्प आहे. त्याच्या 365 पवनचक्क्या 2017 मध्ये उभ्या राहिल्या, पण वीज वाहून नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी तयार नव्हती. ती 2018 मध्ये पूर्ण झाली. तोवर वारा वाहत राहिला, पाती थांबून राहिली, आणि विलंबाची भरपाई सरकारला द्यावी लागली. व्हिएतनामने आकर्षक दर जाहीर केले आणि 2018 पर्यंत नगण्य असलेली सौर क्षमता 2020 अखेर 16 गिगावॅटच्या पुढे नेली. हे यश थक्क करणारे होते. पण बहुतेक प्रकल्प निन्ह थुआन आणि बिन्ह थुआन या भरपूर उन्हाच्या तेव्हाच्या प्रांतांत एकवटले, तिथल्या वाहिन्यांना तो भार पेलवेना, आणि तयार वीज बंद ठेवण्याची वेळ आली. आपल्या राजस्थानातही अलीकडे पारेषण अपुरे पडल्याने सौर वीज रोखावी लागली आहे. पॅनेल बसवायला काही महिने पुरतात. वाहिनीला मार्गाची परवानगी, जमिनीचा मोबदला, वनखात्याची मंजुरी असे करत वर्षे लागतात. म्हणून तारेचे नियोजन पॅनेलच्या आधी व्हायला हवे.

तिसरी अडचण वितरण कंपनीच्या ताळेबंदाची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. पाकिस्तानने 2024 या एका वर्षात सुमारे 17 गिगावॅटची सौर पॅनेल आयात केली. महागड्या विजेला कंटाळलेल्या लोकांनी, शेतकऱ्यांनी आणि कारखानदारांनी ती आपापल्या छपरांवर चढवली. ज्याला परवडले तो जाळ्यातून बाहेर पडू लागला. औष्णिक केंद्रांना द्यायचा स्थिर आकार मात्र होता तसाच राहिला, आणि तो उरलेल्या, म्हणजे तुलनेने गरीब ग्राहकांच्या बिलात येऊ लागला. आपण यापासून फार दूर नाही. महाराष्ट्रातला उद्योग जास्त दर भरतो आणि त्या आधारावर शेतीची वीज स्वस्त राहते. उद्या प्रत्येक कारखान्याने स्वतःची सौर वीज आणली, तर ही क्रॉस सबसिडी कोण भरणार? छतावरील सौर ऊर्जेचे मी स्वागतच करतो. पण रात्री आधाराला जाळे लागणाऱ्यांनी त्या जाळ्याचे रास्त भाडे भरले पाहिजे, हे सांगण्याची हिंमत आपण दाखवली पाहिजे.

या अडचणींवर काहीच उपाय नाही, असे मात्र नाही. बांगलादेशात 2003 मध्ये सरकारी अर्थसंस्थेच्या पुढाकाराने घरगुती सौर संचांची योजना सुरू झाली, आणि तिच्यातून चाळीस लाखांहून अधिक घरांत दिवे लागले. छोटे हप्ते, स्थानिक संस्थांकडून विक्री, आणि हप्ता घ्यायला येणाऱ्या माणसाकडूनच दुरुस्ती, या तीन गोष्टींवर ती योजना उभी होती. पुढे जाळे गावात पोहोचले आणि संचांची मागणी ओसरली. तरी वीस वर्षे वाट पाहण्याऐवजी त्या घरांतल्या मुलांना दिव्याखाली अभ्यास करता आला, हे लहान यश नव्हे.

मित्रहो, नवीकरणीय ऊर्जेचा विषय आपल्याला नवा नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा 1921 मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांच्या पुढे उभे राहिले. धरण झाले. वीज मुंबईला गेली, बुडालेली गावे परत आली नाहीत. स्वातंत्र्यानंतर कोयना झाली. 1,960 मेगावॅटच्या त्या प्रकल्पाने महाराष्ट्राचे उद्योग उभे केले, पण कोयनेच्या काही धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी अजूनही आंदोलने करावी लागतात. पाण्याची वीजही नवीकरणीयच होती. तिने धूर काढला नाही, पण माणसे उठवली. सौर आणि पवन प्रकल्पांना धूर नसतो एवढ्यावर आपण समाधान मानले, तर शंभर वर्षांपूर्वीचीच चूक नव्या यंत्रांनी करू.

सुदैवाने आज दुसरा मार्ग समोर आहे. कर्नाटकातील पावगडा सौर उद्यान 2,050 मेगावॅटचे. त्यासाठी सुमारे तेरा हजार एकर जमीन लागली, पण ती विकत घेतली नाही, शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली. सातबाऱ्यावर आपले नाव राहते आणि दरवर्षी भाडे येते, तेव्हा शेतकरी प्रकल्पाचा भागीदार होतो. तिथेही भूमिहीन मजुरांचा प्रश्न उरलाच, कारण भाडे जमीनमालकाला मिळते आणि रोजगार गेलेल्याला काही मिळत नाही. आपल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ अशी तरतूद आहे. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षे वार्षिक 5 लाखांचे प्रोत्साहन आहे. ही दिशा योग्य आहे. ज्यांच्या जित्राबांचे चराईचे गायरान प्रकल्पाखाली गेले, त्यांचाही विचार तिच्यात व्हावा, एवढीच भर मी घालीन.

आता मी ज्या विषयासाठी मुख्यतः उभा आहे त्याकडे येतो. अनेक ठिकाणी शेतीपंपाला वीज चक्राकार पद्धतीने मिळते, आठवड्याचे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रब्बीच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, ग्रामीण उपकेंद्रात रात्रपाळी केलेल्यांना हे चित्र पाठ असेल. वीज येण्याच्या वेळेला माणूस घोंगडी पांघरून विहिरीवर येतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. स्टार्टर दाबतो, पाणी पाटाला लागते आणि तो अनवाणी गव्हात शिरतो. एका वाफ्याचे दार फोडायचे, दुसऱ्याचे बांधायचे. पाय बधिर होतात. बांधावर साप असतो, उसात बिबट्या असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या शेतकऱ्याला ही भीती रोजची आहे. मध्येच एक फेज जाते, मोटार गुरगुरून बंद पडते, आणि उपकेंद्राचा फोन वाजू लागतो. तो फोन उचलणाऱ्या आपल्या ऑपरेटरकडेही उत्तर नसते. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी महाराष्ट्रातला शेतकरी कित्येक वर्षे करतो आहे. कोळशाच्या काळात ती पूर्ण करणे अवघड होते, कारण दिवसाची महाग वीज उद्योगाला लागत होती. सूर्याने हे गणित उलटे केले आहे. आता दिवसाचीच वीज सर्वांत स्वस्त आहे, आणि शेतकऱ्याला दिवसाच हवी आहे. विकसनशील जगात मागणी आणि पुरवठा इतका नेमका जुळल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

याची तयारी महाराष्ट्राने नकळत आधीच केली होती. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे केले, त्यामुळे कोणत्या उपकेंद्रातून शेतीला किती भार जातो हे कळते. 2017 मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून सौर कृषी वाहिनीचा प्रयोग सुरू झाला. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि पुढे 9,000 मेगावॅटहून अधिक क्षमतेची कामे दिली गेली. प्रकल्प उपकेंद्राच्या जवळ, वीज थेट 11 केव्ही बसवर, आणि तिथून शेतीच्या फीडरला. लांब वाहिनी नको, पारेषणाची गळती नको. युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे महावितरणच्या सरासरी पुरवठा खर्चाच्या निम्म्याहून कमी. शेतीच्या अनुदानाचा बोजा यातून उतरू शकतो, आणि उद्योगांवरील क्रॉस सबसिडीही हळूहळू कमी करता येते.

मग अडते कुठे? ते आपल्यालाच सांगावे लागेल. आपली उपकेंद्रे वीज एका दिशेने वाहते असे धरून बांधलेली आहेत. पावसाळ्यात पंप बंद असतात आणि ऊन पडले की वीज उलटी 33 केव्हीकडे चढते. रिलेचे सेटिंग त्यासाठी केलेले नसेल, तर ट्रिपिंग ठरलेले. ढग आला की निर्मिती झपकन पडते, व्होल्टेज खाली जाते आणि मोटारी जास्त अँपियर ओढतात. सकाळी पुरवठा सुरू होताच ऑटो स्विच लावलेले सगळे पंप एकदम चालू होतात, आणि आधीच ओव्हरलोड असलेली डीपी जळते. कपॅसिटर बहुतेकांनी बसवलेले नसतात. डीपी जळाली की दिवसाची वीज मिळाली काय आणि रात्रीची मिळाली काय, पीक वाळणारच. सौर प्रकल्पाच्या खर्चाबरोबर उपकेंद्राचे बळकटीकरण, रोहित्रांची क्षमतावाढ आणि वाहिन्यांची दुरुस्ती यांचाही पैसा त्याच अंदाजपत्रकात असला पाहिजे. नाहीतर कोट्यवधींच्या पॅनेलचा लाभ एका जळालेल्या फ्यूजपाशी थांबेल.

जिथे वाहिनी नेणे परवडत नाही, तिथे स्वतंत्र सौर कृषीपंप हाच चांगला उपाय आहे. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने 5 टक्के रक्कम भरायची असते, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. पण कंट्रोलर बिघडला, वाऱ्याने पॅनेल उडाले, तर दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत शिवारात पोहोचतो, यावर त्या हमीची किंमत ठरते. ऐन हंगामात आठ दिवस पंप बंद राहिला की हमीपत्राचा उपयोग संपतो.

दिवसाच्या स्वस्त विजेत एक धोकाही दडलेला आहे. पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुकट चालणार असेल, तर विहिरीचा तळ लवकर दिसेल. यावर एक वाट गुजरातने दाखवली. तिथल्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात 2016 च्या सुमारास शेतकऱ्यांनी सौर सिंचन सहकारी संस्था काढली. पंपाला लागून उरलेली वीज त्यांनी वितरण कंपनीला विकायला सुरुवात केली. वीज विकून पैसे मिळतात म्हटल्यावर शेतकरी पाणी जपून उपसतो, कारण जास्तीचा उपसा म्हणजे बुडालेले उत्पन्न. सहकाराच्या या भूमीत असा प्रयोग तालुक्या-तालुक्यात व्हायला हवा. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वितरण केले. थकबाकी साचत गेली आणि 2011 मध्ये तिचा परवाना संपला. त्यातला धडा असा, की मालकी लोकांची असली तरी बिलाची वसुली चोख लागते. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत 2012 मध्ये जेमतेम चाळीस घरांसाठी सौर सूक्ष्मजाळे उभे राहिले. घरोघरी मीटर बसले आणि वीज आकाराचे पैसे गावाच्याच न्यासाकडे देखभालीसाठी जमा होऊ लागले. एवढ्याशा वाडीने मालकीबरोबर जबाबदारीही घेतली, हे मला फार मोलाचे वाटते.

राहिला संध्याकाळचा प्रश्न. दुपारची वीज रात्री वापरायची तर ती साठवावी लागेल. सह्याद्रीत याचीही सोय आहे. घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प पाणी वर चढवतो आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज देतो. बॅटऱ्यांचे दरही वेगाने उतरत आहेत. मोठे संच मोठ्या उद्यानांत बसतीलच, पण काही बॅटऱ्या थेट ग्रामीण उपकेंद्रात बसवाव्यात. त्या संध्याकाळी गावठाण फीडरला वीज देतील, दिवसा ढगांचा धक्का झेलतील, आणि रोहित्रावरचा ताणही कमी करतील.

अध्यक्ष या नात्याने मी चार मागण्या या परिषदेपुढे ठेवतो. त्यांचे रीतसर ठराव व्हावेत, अशी माझी विनंती आहे.

पहिली मागणी, शेतीला वीज देणाऱ्या प्रत्येक उपकेंद्राचा भार, रिले, रोहित्रे आणि वाहिन्यांची स्थिती तपासून त्याची सौर वीज सामावण्याची क्षमता जाहीर करावी. दुसरी, सौर प्रकल्पाला मंजुरी देताना उपकेंद्र आणि डीपीच्या बळकटीकरणाचा निधी त्याच मंजुरीत असावा. तिसरी, प्रत्येक तालुक्यातील आयटीआयमध्ये सौर पंप, इन्व्हर्टर आणि बॅटरी दुरुस्तीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू व्हावा, आणि तिथे शिकलेल्या मुलामुलींना दुरुस्तीच्या कंत्राटांत प्राधान्य मिळावे. चौथी, प्रकल्पाची जमीन शक्यतो भाडेपट्ट्यानेच घ्यावी, गायरानावरचा निर्णय ग्रामसभेत व्हावा, आणि गावाला प्रकल्पाच्या उत्पन्नात वाटा मिळावा.

तरुण अभियंत्यांना एक सांगायचे आहे. तुमच्यातल्या अनेकांना मोठ्या प्रकल्पांची, परदेशी कंपन्यांची ओढ वाटते, ते स्वाभाविक आहे. पण विकसनशील देशांचे ऊर्जा स्थित्यंतर फीडरच्या टोकाला घडणार आहे. तिथल्या व्होल्टेजचा अभ्यास करणारा, रिलेचे सेटिंग बदलून पाहणारा, शेतकऱ्याला कपॅसिटरचे महत्त्व पटवणारा अभियंता या काळातला सर्वांत उपयोगी अभियंता आहे. केनिया, बांगलादेश आणि व्हिएतनामच्या अभियंत्यांपुढे हेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे आपण इथे शोधली, नीट लिहून ठेवली, तर ती आपल्याइतकीच त्यांच्याही उपयोगी पडतील.

महाराष्ट्रातल्या एकाही शेतकऱ्याला नाइलाजाने रात्री दारं धरायला जावे लागू नये, एवढे एकच ध्येय आपण पुढच्या काही वर्षांसाठी ठरवू या. ते गाठायचे तर उपकेंद्र, डीपी, साठवण, दुरुस्ती आणि जमिनीचा न्याय ही सगळीच कामे मार्गी लावावी लागतील. ती करण्याचे ज्ञान या सभागृहात आहे. ठराव मंजूर करून आपण आपापल्या उपकेंद्रांवर परतू, तेव्हा पहिली पाहणी याच महिन्यात सुरू करावी, असे आवाहन करतो आणि आपली रजा घेतो.